दुसरा गोलकीपर

आमच्या धाराशिवात एके काळी पोर्तुगालच्या संघाचा गोलकीपर राहत होता, असं सगळं गाव सांगायचं. सरकारी पाट्यांवर गावाचं नाव उस्मानाबाद होतं आणि आमच्या तोंडात धाराशिव. सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांना पोर्तुगाल कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे विलायतेला लागून, कुणी म्हणे गोव्याच्या पलीकडं खाडी ओलांडली की तोच.

तो माणूस गोव्याचा ख्रिस्ती. पोलिसांच्या बँडचा मास्तर म्हणून हैदराबादेहून आमच्याकडं आला होता. उंच, हाडं वर आलेला, पन्नाशीला टेकलेला. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं वाकलेली होती, ती सरळ होत नसत. तो कॉर्नेट वाजवायचा. परेडीनंतर वर्दीचा कोट काढून, सदऱ्याच्या बाह्या सारून तो मैदानावर यायचा आणि गोलात उभ्या राहणाऱ्या पोरांना शिकवायचा. त्यासाठी त्याला कुणी नेमलं नव्हतं.

पोर्तुगालची गोष्ट त्यानं स्वतः सांगितलेली मी कधी ऐकली नाही. पोलिसांतले एक बडे साहेब होते, त्यांना खेळाचा शौक होता. बाहेरगावचा पाहुणा आला की ते मास्तरांना पुढं बोलवत आणि सांगत, हा आमचा बँडमास्टर, पोर्तुगालच्या टीमचा गोलकीपर. मास्तर मान लववून सलाम करत आणि मागं सरत. हो म्हणत नसत, नाही म्हणत नसत.

मी ईटचा. घरी शेती. वडिलांनी पुढच्या शिक्षणासाठी मला धाराशिवला मामांकडं ठेवलं होतं. मामा कचेरीत कारकून होते. शाळा उर्दूतून होती. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत, आणि घरी आल्यावर मामीशी बोलायचं ते ईटच्या मराठीत. माझं उर्दू अक्षर फार चांगलं होतं. मौलवीसाहेब माझी वही वर्गात फिरवायचे, हे पाहा, मराठ्याच्या पोरानं लिहिलंय, आणि तुम्ही. मला त्याचा गर्व होता. मला बऱ्याच गोष्टींचा गर्व होता.

शाळेच्या गोलकीपरला मुदतीचा ताप आला म्हणून मला पहिल्यांदा गोलात उभं केलं. मी उंच होतो आणि मोट धरून हात राकट झाले होते, एवढीच माझी लायकी. त्या दिवशी मास्तर कडेला उभे राहून बघत होते. खेळ संपल्यावर त्यांनी माझे दोन्ही पंजे उलटेसुलटे करून पाहिले, बाजारात बैलाचे दात बघावे तसे, आणि उद्यापासून एक तास आधी ये म्हणाले.

दोन वर्षं मी एक तास आधी जात होतो. मैदान मुरमाचं होतं. अंग टाकलं की कोपर आणि मांड्या सोलून निघायच्या. मामी करडईच्या तेलात हळद कालवून लावायची आणि असल्या खेळाला नावं ठेवायची. मास्तर चेंडू पाण्यात बुडवून जड करायचे आणि दहा पावलांवरून फेकायचे. चामड्याच्या चेंडूची शिवण आणि वरची वादी छातीवर बसली की वळ उठायचा. मारणाऱ्याच्या पायाकडं बघू नकोस, कमरेकडं बघ, पाय फसवतो, कमर फसवत नाही, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल. शाबासकी कधी दिली नाही. चांगला चेंडू अडवला की लगेच दुसरा फेकायचे, तीच शाबासकी समजायची.

माझ्याबरोबर आणखी एक जण शिकायचा. तो पोलिसात शिपाई होता, ढोकीकडचा, मुसलमान विणकराच्या घरातला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, बुटका, पण मांजरासारखा चपळ. मला छोटे म्हणायचा. माझ्याकडं नडगीला बांधायच्या पट्ट्या नव्हत्या, तर स्वतःच्या पट्ट्या काढून द्यायचा आणि आपण तसाच उभा राहायचा. मला तो आवडायचा. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढं जे केलं ते काही त्याचा राग होता म्हणून केलं नाही.

साहेबांनी पोलीस आणि शाळा मिळून एक संघ करायचं ठरवलं आणि तो हैदराबादच्या सामन्यांना पाठवायचं ठरवलं. आमच्या जिल्ह्यातून असा संघ तोवर गेला नव्हता. गोलकीपर कोण, हे मास्तरांवर सोपवलं होतं. एका संध्याकाळी मैदानावर यादी वाचून दाखवली. गोलकीपर म्हणून शिपायाचं नाव आलं. माझं नाव सगळ्यात शेवटी, दुसरा गोलकीपर म्हणून.

मी त्याच्यापेक्षा चांगला होतो. आज म्हातारपणी, बढाई मारून काही मिळायचं नाही अशा वयात सांगतो, मी चांगला होतो. शिपायालाही ते माहीत होतं. यादी वाचल्यावर तो माझ्याकडं बघेना.

मी तसाच मास्तरांकडं गेलो आणि विचारलं. ते चेंडूतली हवा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "तू अच्छा है. पण गोल झाला की तू आधी बॅककडं बघतोस. चूक कोणाची ते शोधत बसतोस. तेवढ्यात दुसरा गोल होतो."

मी म्हणालो, मी बसून राहायला हैदराबादला येणार नाही.

"बैठना भी काम है, बाबा," ते म्हणाले. "सीख ले."

मी यादीतून नाव काढायला सांगितलं आणि घरी आलो. दुसऱ्या कुणाला घेऊ असा विचार त्यांनी केला असेल, पण गोलात उभा राहील असा तिसरा माणूस आमच्या गावात नव्हता.

मामांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "अरे, तू हिंदू, तो मुसलमान, अन् वर पोलीस. यात समजायला काय राह्यलं?" तेव्हा दिवसच तसे होते. कचेरीत, शाळेत, चहाच्या टपरीवर माणसं आपापसांत बोलताना आधी मागं बघायला लागली होती. कुठल्याही गोष्टीला तेच एक कारण लागू पडायचं. मामांचं म्हणणं खोटं होतं हे मला कळत होतं. मास्तर ना हिंदू ना मुसलमान, आणि त्यांना साहेबाची खुशामत करताना मी कधी पाहिलं नव्हतं. पण ते कारण सोयीचं होतं. ते घेतलं की मास्तरांचं बोलणं ऐकावं लागत नव्हतं.

चार दिवस मी ते बोलणं चघळत राहिलो. मग शाळेत भूगोलाच्या मास्तरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की गोव्याचा काळा माणूस पोर्तुगालच्या संघात घेत असतील का. ते खो खो हसले. म्हणाले, आपल्या जिल्ह्याच्या टीममध्ये तुला उभं करीनात, त्याला काय पोर्तुगाल घेतो.

त्याच दुपारी मी अर्ज लिहिला. मामांच्या दप्तरातला चांगला कागद घेतला. माझ्या वळणदार उर्दूत, हुजूर, जनाबेआली करत लिहिलं, की आपल्या सेवेत असलेला बँडमास्तर पोर्तुगालचा गोलकीपर म्हणवून आपल्यासारख्या थोर अधिकाऱ्याची फसवणूक करतो आहे, उद्या हैदराबादेत कुणी पुरावा मागितला तर आपली मान खाली जाईल, तरी त्याच्याकडून दाखला मागावा. खाली लिहिलं, एक खैरख्वाह. म्हणजे आपला एक हितचिंतक. नाव घातलं नाही. साहेबांचा पत्ता घालून पाकीट टपालपेटीत टाकलं आणि मामीनं वाढलेलं पोटभर जेवलो.

आठवडा गेला. मला वाटलं अर्ज केरात गेला. मग एका संध्याकाळी बँडची परेड संपली, खेळाडू मैदानात उतरत होते, आम्ही शाळेची पोरं कडेला उभी होतो, आणि साहेब घोड्यावरून आले. उतरले. खिशातून कागद काढला. मास्तरांना समोर बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, तुम्ही पोर्तुगालकडून कोणत्या सामन्यात खेळलात, ते सांगा.

मी पंधरा पावलांवर होतो. मास्तरांच्या काखेत कॉर्नेट होतं. ते त्यांनी खाली मातीवर ठेवलं नाही, शेजारच्या ढोलवाल्याच्या हातात दिलं. मग सांगितलं. त्यांचं सगळं बोलणं मला आठवतं, पण मी ते थोडक्यात लिहितो. ते तरुणपणी आगबोटीवर वाजवायला होते. आजारी पडले म्हणून बोटीनं त्यांना पोर्तुगालच्या राजधानीत उतरवलं. बरं झाल्यावर तिथल्या एका क्लबात सरावाला जाऊ लागले. देशाचा संघ स्पेनला जायला निघाला तेव्हा दुसरा गोलकीपर ऐन वेळी आला नाही, म्हणून यांना बरोबर नेलं. आगगाडीनं गेले. सामन्याच्या दिवशी लाइनीबाहेर बसले.

"और?" साहेबांनी विचारलं.

"पहिल्या गोलकीपरला काही झालं नाही, हुजूर. मी गेलो होतो. खेळलो नाही."

साहेब मोठ्यानं हसले आणि म्हणाले, म्हणजे बैठा हुआ गोलकीपर. ते हसले म्हणून जमादार हसला, जमादार हसला म्हणून शिपाई हसले, आणि मग आम्ही पोरं. मीही हसलो. ढोलवाला तेवढा हसला नाही, त्याच्या दोन्ही हातांत काही ना काही होतं आणि तो ते सांभाळत उभा होता.

हैदराबादला मास्तरांनी जायचं नाही असा हुकूम झाला. गावात त्यांचं नाव 'बैठा' पडलं. बाजारातून जाताना लोक हाक मारायचे, बैठो मास्तर, बैठो. त्यांच्या बँडमधली माणसंसुद्धा पाठीमागं तेच म्हणायची. ज्यांनी इतकी वर्षं पोर्तुगालची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली होती, तीच माणसं आता आपल्याला फसवलं म्हणून चिडली होती. मास्तरांनी स्वतः कुणाला काय सांगितलं होतं, हे कुणी आठवून पाहिलं नाही.

संघ हैदराबादला गेला. पहिल्याच सामन्यात, अर्धा खेळ व्हायच्या आत, समोरच्याचा पाय लागून शिपायाचं बोट मोडलं. दुसरा गोलकीपर नव्हता. एका फॉरवर्डला गोलात उभं केलं. त्यानं जन्मात हातानं चेंडू धरला नव्हता. किती गोल झाले ते परत आलेल्यांपैकी कुणी नीट सांगितलं नाही. साहेबांनी रागानं संघच मोडून टाकला.

मला बातमी कळली तेव्हा आधी बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. बरं वाटणं दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकलं. मग शिपाई बाजारात दिसला, हाताला फळी बांधलेली, आणि नेहमीसारखं छोटे म्हणून त्यानं विचारलं, अभ्यास कसा चाललाय. तेव्हापासून मला अन्न गोड लागेना.

शेवटी मी मास्तरांच्या खोलीवर गेलो. पोलीस लाइनीच्या मागं एक खोली, बाज, भिंतीवर मेरीची तसबीर. ते कॉर्नेटच्या कळांना तेल घालत होते. मला बसायला सांगितलं. मी अभ्यासाचं बोललो, ईटच्या पिकापाण्याचं बोललो. ते ऐकत होते. मग त्यांनी उशाखालून घडी केलेला कागद काढला आणि बाजेवर ठेवला. माझाच अर्ज. साहेबांनी त्या दिवशी त्यांच्या अंगावर फेकला होता.

"अक्षर सुंदर आहे," ते म्हणाले. "खाली नाव घालायचं होतंस."

शाळेची सामन्याची यादी मीच उर्दूत लिहून त्यांना देत असे, हे अर्ज लिहिताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी अक्षर ओळखलं होतं आणि साहेबांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मामांची नोकरी गेली असती.

मग मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, की तिथं बाहेर बसून राहिलात तेव्हा फार वाईट वाटलं असेल.

त्यांनी माझ्याकडं नवल करून पाहिलं. म्हणाले, वाईट कशाचं, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस. गवत ओलं होतं. मध्यंतराला पहिला गोलकीपर त्यांच्याकडं आला, त्याचे लोकरी हातमोजे भिजून जड झाले होते. त्यानं यांचे मागितले. दुसऱ्या अर्ध्या खेळात तो यांचे हातमोजे घालून उभा होता. "एकही गोल झाला नाही," ते म्हणाले. "मी प्रत्येक चेंडू बघत होतो. मला वाटत होतं, हात माझेच आहेत."

ही गोष्ट त्यांनी साहेबांना सांगितली नव्हती. मैदानावर ती सांगितली असती तर लोक आणखी हसले असते. मी माफी मागितली की नाही, ते आता मला नक्की सांगता येत नाही. मागितली असं मी पुष्कळ वर्षं मनाशी धरून चाललो होतो.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत सगळंच बिघडलं. रझाकारांचा जोर वाढला, खेडी उठू लागली, शाळा अर्धी रिकामी झाली. मामांनी मला हद्दीपलीकडं बार्शीला नातेवाइकांकडं पाठवलं. पोलीस ॲक्शन झाल्यावर मी परत आलो, तेव्हा मैदानावर फौजेच्या गाड्या उभ्या होत्या. आधी हिंदूंनी सोसलं होतं, आता मुसलमानांची पाळी होती, आणि मामांसारखी शहाणी माणसं दाराआड बसून हिशेब फिटला म्हणत होती. बँड मोडला होता. मास्तरांची खोली उघडी पडली होती, आत कुणाची तरी शेळी बांधलेली होती. कुणी म्हणे ते येडशीपर्यंत चालत जाऊन छोट्या रुळांच्या आगगाडीत बसले, कुणी म्हणे हैदराबादला गेले. गोव्यात त्यांचं गाव कोणतं, हे धाराशिवातल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं. मलाही नाही. दोन वर्षं रोज तासभर त्यांच्यासमोर उभा होतो आणि मी त्यांना त्यांचं गाव विचारलं नव्हतं.

शिपायाचं कळलं ते असं, की ढोकीकडं त्याच्या वडिलांना मारलं, आणि त्याला रझाकारांत होता या संशयावरून काही महिने तुरुंगात ठेवलं. तो रझाकारांत नव्हता. त्याला ओळखणाऱ्या आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. सांगायला कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही.

पुढं नव्या राजवटीत जिल्ह्याचा नवा संघ झाला आणि मी त्याचा गोलकीपर झालो, पहिला आणि एकटाच. माझी सगळी कारकीर्द म्हणजे ते दीड वर्ष. जुन्या संघातले चांगले दोन्ही बॅक आणि निम्मे फॉरवर्ड मुसलमान होते, ते आता नव्हते. सोलापूरला खेळायला गेलो. पहिला गोल झाला आणि मी वळून बॅककडं पाहिलं. तो नवा पोरगा होता, घाबरून उभा. मास्तर म्हणाले होते तसंच झालं, लगोलग दुसरा गोल झाला. त्या वर्षाअखेर मी खेळ सोडला. लोकांना सांगितलं गुडघा दुखतो.

जळकोटला मास्तरकी मिळाली. शाळेत एक चेंडू होता, त्याच्या आतला रबरी ब्लॅडर दर महिन्याला फुटायचा. गावातून हैदराबादकडं जाणाऱ्या रस्त्यावर कुणी नवीन सायकल दुरुस्तीवाला बसायला लागलाय असं कळलं, म्हणून ब्लॅडर घेऊन गेलो. तिथं आमचा तो जुना शिपाई बसला होता. केस पांढरे झाले होते, पण बसण्याची ढब तीच, आता उठून उडी मारील अशी. त्यानं मला लगेच ओळखलं, पण छोटे म्हणाला नाही. या गुरुजी म्हणाला. मी त्याला त्याच्या वडिलांबद्दल विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

तो ब्लॅडर पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे बघत होता. मी त्याला अर्जाचं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, इतक्या वर्षांनी कुणाला तरी सांगायचं होतं. तो थांबला नाही. भोक सापडलं तिथं खडूनं खूण केली, कानसीनं रबर घासलं. मग म्हणाला, की मास्तर त्याला तोंडावर सांगायचे, तो पोरगा तुझ्यापेक्षा चांगला आहे. निवडल्यावरही सांगितलं. रोज ते ऐकून तो गोलात उभा राहायचा.

"मग तुम्हाला पहिलं का घेतलं?" मी विचारलं.

"म्या इचारलं होतं," तो म्हणाला. "म्हणाले, तू गोल खाल्लास तर शिवी देऊन पुन्हा उभा राहतोस. त्याला अजून एक वरीस बाहेर बसू दे, मग तोच."

त्यानं ठिगळावर सोल्यूशन लावलं आणि सुकायला हातात धरून ठेवलं. मोडलेलं बोट वाकडंच जुळलं होतं.

"हैदराबादला बोट मोडलं ना," तो म्हणाला, "तवा म्या लाइनीकडं बघितलं. तिथं कुणी न्हवतं."

तो रागानं बोलला नाही. त्यानं हवा भरली, दाबून पाहिलं, कानाशी नेऊन ऐकलं आणि ब्लॅडर माझ्या हातात दिला.

जळकोटला मी आणखी अकरा वर्षं होतो. त्याचं दुकान माझ्या घराच्या आणि शाळेच्या वाटेवर होतं. मी मागच्या गल्लीनं जायला लागलो. चेंडू फुटला की शाळेच्या चपराशाबरोबर पाठवून द्यायचो, आणि तो दुरुस्त होऊन आला की कुणाकडून आणला ते विचारत नसे.